तुम्ही विचारलंत म्हणून: स्थिर बाजार की स्थिर कारकून?

इतिहास आणि बाकीची सामाजिक शास्त्रं यांचं नातं काय, हा प्रश्न मला वर्षभरात किती वेळा येतो याचा हिशोब ठेवलेला नाही, पण दरवेळी तो वेगळ्या वेषात येतो. विद्यार्थी विचारतात, मॅडम, इतिहास हे सोशल सायन्स धरायचं की ह्युमॅनिटीज? पालक विचारतात, इतिहासाच्या जोडीला कुठला विषय घेतला तर बरं पडेल? नातेवाईक विचारतात, चांगलं इकॉनॉमिक्स करत होतीस, मधेच इतिहासात कुठे शिरलीस? आणि इकॉनॉमिक्सवाले जुने मित्र, ते तर तोंडावरच विचारतात, की बाई गं, आकडेमोड आमची, थिअरी समाजशास्त्रवाल्यांची, सरकार-निवडणुका राज्यशास्त्राकडे, मग तुमच्या वाट्याला उरतं काय, तारखा? सगळ्यांच्या पोटात प्रश्न एकच, इतिहासाचं बाकीच्या सामाजिक शास्त्रांशी नातं नक्की काय. मी उभ्या उभ्या दोन वाक्यं फेकून सुटका करून घेते आणि मग घरी येताना स्वतःवरच चिडते. आज बसून लिहितेय, लांबणार आहे, सांभाळून घ्या.

आधी माझीच फजिती सांगते, कारण माझं उत्तर तिथूनच सुरू होतं.

एमएच्या दुसऱ्या वर्षाला प्रोजेक्टसाठी मी जुन्या हाती लिहिलेल्या रजिस्टरांमधून धान्याचे महिनावार भाव उतरवून घेतले होते. खूप किचकट काम, अर्धे आकडे वाचता येत नाहीत, कुठे पान फाटलेलं, कुठे वाळवीने नेमका आकडाच खाल्लेला. पण शेवटी एक्सेलमध्ये सगळं भरलं, ग्राफ काढला, आणि ग्राफमध्ये एके ठिकाणी मस्त सपाट पट्टा आला. सलग चार महिने भाव हललाच नाही, पैचाही फरक नाही. मी त्यावर दोन पानं लिहिली, बाजार स्थिर होता, पुरवठा सुरळीत असणार, व्यापाऱ्यांच्या अपेक्षा वगैरे जेवढं शिकले होते ते सगळं त्यात कोंबलं. व्हायवाच्या आधी इतिहासाच्या एका मॅडमना सहज दाखवलं. त्यांनी ग्राफकडे बघितलंही नाही. म्हणाल्या, मूळ पानाचा फोटो आहे का? होता. त्यांनी तो मोठा करून बघितला, मग लॅपटॉप माझ्याकडे वळवला आणि म्हणाल्या, हे चारही महिने एका बैठकीत लिहिलेत बघ. शाई एक, टाकाची जाडी एक, अक्षर उजवीकडे कललंय तेही सारखंच. आता याच्या वरचे आणि खालचे महिने बघ, प्रत्येकाची शाई वेगळी आहे. लिहिणाऱ्याने चार महिने रजिस्टर उघडलंच नव्हतं, मग एक दिवस बसला आणि वरचा आकडा खाली ओढला.

आणि मग ते वाक्य, जे मी आजवर विसरलेले नाही: तुझा बाजार स्थिर नव्हता गं, तुझा कारकून स्थिर होता.

आता यावर इकॉनॉमिक्सवाले मित्र लगेच म्हणतात की यात काय मोठंसं, याला मेझरमेंट एरर म्हणतात, मोजण्या-नोंदण्यातली चूक, आम्हालाही शिकवतात. खरंय, शिकवतात. पण त्या चुकीचं पुढे काय करायचं इथे आमच्या वाटा वेगळ्या होतात. त्यांच्यासाठी ती चूक म्हणजे कचरा, गाळून टाकायचा, नाहीतर सरासरीत विरघळवायचा. मॅडमसाठी ती चूकच पुरावा होती. चार महिने कुणी विचारलं कसं नाही? म्हणजे हे भाव वर कुणाला तरी पाठवायचे होते की नुसतंच लिहून ठेवायचे होते? आणि भाव लिहून ठेवायची पद्धत मुळात पडली कशासाठी? भावांच्या रजिस्टरातून भाव कळतीलच असं नाही, पण ते रजिस्टर ठेवणारं ऑफिस मात्र हमखास कळतं. मी इतिहासात शिरले ती या दाराने.

आता थोडं मागे जाऊ. या विषयांमधल्या भिंती फार जुन्या नाहीत हे लोकांच्या लक्षातच येत नाही. इब्न खल्दून या अरब विद्वानाने १३७७ साली आपल्या इतिहासग्रंथाची जी प्रस्तावना लिहिली त्यात राज्यं का उभी राहतात आणि तीन-चार पिढ्यांत का ढासळतात, टोळीतली एकी शहरात आल्यावर कशी विरते, कर वाढवला की वसूल उलट कसा घटतो, हे सगळं एकाच माणसाने एकाच दमात लिहिलंय, आणि तो स्वतःला इतिहासच लिहितोय असं समजत होता. आजच्या हिशोबाने त्यात समाजशास्त्र, राज्यशास्त्र, अर्थशास्त्र तिन्ही आहेत. वेगळी दुकानं थाटली गेली ती एकोणिसाव्या शतकात. एकीकडे रांकेसारखे जर्मन इतिहासकार दफ्तरखान्यात बसून मूळ कागद तपासण्याची शिस्त लावत होते, दुसरीकडे कोंत हा फ्रेंच विचारवंत समाजाचे नियम शोधणारं नवं शास्त्र काढत होता, आणि मग १८९४ साली विंडेलबांड नावाच्या जर्मन तत्त्वज्ञाने एका भाषणात ती प्रसिद्ध वाटणी केली: काही शास्त्रं नियम शोधतात, काही शास्त्रं एकदाच घडलेल्या गोष्टीचं वर्णन करतात. इतिहास दुसऱ्या खात्यात. परीक्षेत लिहायला हे फार सोयीचं आहे म्हणून अजून शिकवतात. मला स्वतःला ही वाटणी कधीच पटलेली नाही, कारण एकदाच घडलेल्या गोष्टीचं वर्णन करायला जे शब्द लागतात, बंड, दुष्काळ, वर्ग, राज्य, ते शब्दच मुळी अनेक गोष्टींना मिळून दिलेली नावं आहेत.

१९०३ मध्ये सिमियां नावाच्या एका फ्रेंच माणसाने, तो समाजशास्त्रज्ञ दुर्खीमच्या गटातला, इतिहासकारांची चांगलीच खरडपट्टी काढली. त्याचं म्हणणं, या लोकांनी तीन मूर्ती देव्हाऱ्यात बसवल्यात, राजकारणाची, थोर व्यक्तीची आणि कालक्रमाची, त्या आधी फोडा. इतिहासकार अर्थातच चिडले. पण त्यांच्यातल्याच दोघांनी, मार्क ब्लॉक आणि ल्युसियाँ फेव्र यांनी, १९२९ साली स्ट्रासबुर्गहून एक नियतकालिक काढलं, त्याच्या संपादक मंडळावर एक समाजशास्त्रज्ञ घेतला, एक भूगोलवाला घेतला, आणि राजांच्या लढाया सोडून शेताचे आकार, नांगर, नाणी, लोकांच्या समजुती यावर लिहायला लागले. ब्लॉकला पुढे १९४४ मध्ये जर्मनांनी गोळ्या घातल्या, तो फ्रेंच प्रतिकार चळवळीत होता. हे इथे सांगायची गरज नाही खरं तर, पण त्याचं नाव आलं की मला ते सांगितल्याशिवाय राहवत नाही.

पण भिंती आहेतच. भारतात १९६९ मध्ये सामाजिक शास्त्रांसाठी एक राष्ट्रीय परिषद निघाली आणि १९७२ मध्ये इतिहासासाठी वेगळी, म्हणजे घर एक आणि चुली दोन. तेव्हा सोशल सायन्स की ह्युमॅनिटीज, तर फॉर्मवर जो रकाना असेल तिथे टिक करा. त्यात अडकू नका.

खरी गंमत हे विषय एकमेकांच्या हद्दीत शिरतात तेव्हा येते. एक उदाहरण जरा सविस्तर सांगते.

१९७४ साली रॉबर्ट फोगेल आणि स्टॅन्ली एंगरमन या दोन अमेरिकन अर्थशास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या गुलामगिरीवर मोठं काम छापलं. फोगेल साधा माणूस नव्हे, १८९० च्या अमेरिकेत रेल्वे नसती तर काय झालं असतं याचा हिशोब मांडून त्याने आधीच सगळ्यांना हादरवलं होतं, फरक लोकांना वाटायचा त्यापेक्षा बराच कमी निघाला होता, आणि १९९३ मध्ये त्याला डग्लस नॉर्थबरोबर अर्थशास्त्राचं नोबेलही मिळालं. तर गुलामगिरीच्या कामात त्यांनी चाबकाचा प्रश्न घेतला. मळ्यावर गुलामांना किती मारत असत? लुइझियानातल्या बॅरो नावाच्या एका मळेवाल्याने १८४० च्या सुमारास दोन वर्षं शिक्षांची नोंद ठेवली होती. त्यात १६० वेळा फटके. त्यांनी भागाकार केला आणि लिहिलं की कामकरी माणसामागे वर्षाला ०.७ वेळा. शिवाय जवळपास निम्म्या माणसांना एकदाही नाही.

०.७. वर्षातून एकदासुद्धा नाही. वाचताना वाटतं, अरे, आपण समजत होतो तेवढं नव्हतं की.

मग हर्बर्ट गटमन नावाचा इतिहासकार उठला आणि त्याने तोच कागद घेऊन वेगळा भागाकार केला. दोन वर्षांचे दिवस ७३०, फटके १६० वेळा. म्हणजे दर साडेचार दिवसांनी त्या मळ्यावर कुणाला तरी फटके बसत होते. गणित दोघांचंही बरोबर आहे, भाजक तेवढा बदललाय. पण चाबूक हा त्या एका माणसासाठी नसतोच, तो बघणाऱ्यांसाठी असतो, सगळ्यांना दिसावा म्हणून असतो. आठवड्यातून एकदा-दीडदा शेजारच्याला फटके बसताना जो बघतो त्याला ज्याने सरासरीत ‘निम्म्यांना एकदाही नाही’ या खात्यात टाकलं, त्याने भागाकार करताना चाबूक म्हणजे काय हा प्रश्न विचारलाच नाही. गटमनने आणखीही चुका दाखवल्या, मळ्यावरची माणसंच जास्त धरली होती वगैरे, पण मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो हा भाजकाचा मुद्दा. आणि त्याच्याही आधी, ती यादी लिहिली कुणी? मालकाने. त्याला जी शिक्षा नोंदवण्यासारखी वाटली ती त्याने नोंदवली.

(हे वाचून इकॉनॉमिक्सवाल्यांना हसू नका. त्या दोघांनी आकडा मांडला म्हणून तर भांडता आलं. त्याआधीचे इतिहासकार ‘फार मारत’ किंवा ‘फारसं मारत नसत’ एवढंच लिहायचे, आणि ‘फार’शी भांडणार कसं?)

कंसातला हा मुद्दा खरं तर कंसाबाहेर हवा. आमच्या लोकांची ही खोड आहे. ‘बहुतेक शेतकरी’, ‘सर्वसाधारणपणे’, ‘या काळात व्यापार वाढला’, ही सगळी न मोजलेली स्टॅटिस्टिक्स आहेत, फक्त शब्दांचे कपडे घातलेली. मोजून बघितलं की किती फुगे फुटतात याचं उदाहरण इंग्लंडमधलं. तिथे समज असा होता की जुन्या काळी लोक लहानपणीच लग्न करायचे आणि मोठ्या एकत्र कुटुंबात राहायचे, मग कारखाने आले आणि कुटुंब फुटलं. समाजशास्त्राच्या अर्ध्या थिअऱ्या या समजावर उभ्या होत्या. १९६४ पासून केंब्रिजच्या एका गटाने चर्चच्या जन्म, लग्न आणि दफनाच्या नोंदवह्या काढल्या, पुढे ४०४ पॅरिशांचे, म्हणजे एकेका चर्चच्या हद्दीतल्या वस्त्यांचे, आकडे एकत्र करून १५४१ पासूनची लोकसंख्या मांडली. निघालं काय, तर सतराव्या शतकात साध्या घरच्या बाईचं पहिलं लग्न साधारण पंचविशी उलटल्यावर व्हायचं आणि घर मुख्यतः नवरा-बायको-मुलं एवढंच, कारखान्यांच्या कितीतरी आधीपासून. हे शोधून काढायला लोकसंख्याशास्त्राची पद्धत लागली, नुसत्या इतिहासकाराला एकेक वही वाचून ते जन्मात कळलं नसतं. आपल्याकडचं उदाहरण म्हणजे इतिहासकार दा. ध. कोसंबी. माणूस गणिती. नाणं हातोहात फिरताना झिजतं, जितकं जास्त फिरतं तितकं वजन घटतं आणि नाण्यानाण्यातला फरक वाढतो, या एवढ्याशा गोष्टीवरून त्यांनी आधी चलनातली नाणी हजारोंनी तोलून पद्धत तपासली आणि मग तक्षशिलेच्या आहत, म्हणजे ठसे मारून पाडलेल्या, प्राचीन नाण्यांकडे वळले, की यातली कुठली आधीची आणि कुठली नंतरची. मुका धातू, त्यावर एक अक्षर नाही, आणि तराजू घेऊन त्याच्याकडून काळ वदवून घेतला.

म्हणजे घेणं-देणं दोन्ही बाजूंनी आहे. हे पटायला सोपं आहे. तंटा होतो तो पुढे, इतिहास नक्की देतो काय इथे. मित्रांचं मत असं की इतिहास कच्चा माल देतो, घटना, आकडे, तारखा, आणि त्यातून पक्का माल आम्ही काढतो. हे मला अजिबात मान्य नाही आणि का नाही ते बंगालच्या दुष्काळावरून सांगते.

१९४३ चा बंगालचा दुष्काळ. सरकारी चौकशी आयोगाने १९४५ मध्ये मृतांचा अंदाज पंधरा लाख दिला, अमर्त्य सेन यांचा अंदाज तीस लाखांच्या आसपास आहे. सेन यांनी १९८१ मध्ये मांडलं की हा दुष्काळ धान्य नव्हतं म्हणून पडलेला नाही. त्यांच्या हिशोबाने १९४३ चा धान्यपुरवठा आधीच्या पाच वर्षांच्या सरासरीपेक्षा फक्त ५ टक्क्यांनी कमी होता आणि १९४१ पेक्षा तर १३ टक्क्यांनी जास्त होता, आणि १९४१ ला काही दुष्काळ पडला नव्हता. मग माणसं मेली कशी? तर युद्धाच्या पैशाने भाव भडकले, शेतमजूर, मच्छीमार, छोटे कारागीर यांची मजुरी त्या मानाने वाढली नाही, धान्य होतं पण ते घ्यायची ऐपत गेली. हे फार मोठं काम आहे, दुष्काळाकडे बघायची जगाची नजर त्याने बदलली, आणि मी एमएला असताना यावर अक्षरशः भारावून गेले होते.

पण मॅडमचा प्रश्न एकदा डोक्यात शिरला की निघत नाही. ते पिकाचे आकडे कुणी लिहिले?

जिथे रयतवारी होती तिथे सरकारला दरवर्षी शेतकऱ्याकडून थेट सारा घ्यायचा असायचा, म्हणून गावात कुलकर्णी-तलाठी असायचा, त्याला कुणाच्या रानात काय पेरलंय हे ठाऊक असायचं, कारण त्यावर वसूल अवलंबून होता. बंगालमध्ये १७९३ पासून कायमधारा. जमीनदाराने किती भरायचं ते एकदाच आणि कायमचं ठरलं. मग पीक कमी आलं काय आणि जास्त आलं काय, सरकारला मोजायचं कारणच राहिलं नाही, म्हणून गावात मोजणारा माणूसही नाही. पेरणीचा अंदाज द्यायचा कुणी, तर चौकीदार, ज्याचं खरं काम रात्री राखण करायचं. त्यावर सर्वसाधारण उतारा आणि यंदाचं पीक किती आणे, अशी आणेवारी, आणि या तीन अंदाजांचा गुणाकार म्हणजे प्रांताचं उत्पादन. या आकड्यांवर त्या काळी सरकारातल्या लोकांचाही विश्वास नव्हता. संख्याशास्त्रज्ञ महालनोबिसांनी १९३७ पासून बंगालमध्येच तागाच्या पेऱ्याची नमुना पाहणी सुरू केली, म्हणजे थोडेच तुकडे निवडायचे पण ते नीट मोजायचे, ते काही उगाच नाही.

त्यात १९४२ च्या ऑक्टोबरात मेदिनीपूरला चक्रीवादळ आलं, भातावर बुरशीचा रोग पडला, आणि यामुळे खरी तूट ५ टक्क्यांपेक्षा कितीतरी जास्त होती असं म्हणणारे अभ्यासक आहेत. हा वाद अजून मिटलेला नाही. आता नीट बघा, सेन यांचा मुख्य मुद्दा यामुळे पडतो असं मी म्हणत नाहीये, एकूण धान्य कितीही असो, मेलं कोण आणि वाचलं कोण हे ऐपतीवरच ठरलं, कलकत्त्यात कारखान्यातल्या कामगारांना स्वस्त धान्य मिळत होतं आणि खेड्यातला मच्छीमार मरत होता. पण ५ आणि १३ हे दोन आकडे ज्या ठामपणे आपण परीक्षेत लिहितो त्या ठामपणाच्या खाली १७९३ चा एक करार आहे आणि एक चौकीदार आहे. याला कच्चा माल म्हणता येईल? इतिहास इथे नुसता आकडा पुरवत नाही, तो आकडा असा का आहे हे सांगतो, आणि ते कळल्याशिवाय थिअरी कुठल्या जमिनीवर उभी आहे हेच कळत नाही.

हे फक्त जुन्या कामांबद्दल नाही. २०२३, २०२४, २०२५ अशी सलग तीन वर्षं अर्थशास्त्राचं नोबेल इतिहासात मुरलेल्या कामांना गेलंय. २०२४ चं असमोग्लू, जॉन्सन आणि रॉबिन्सन यांना. त्यांचा २००१ चा गाजलेला पेपर असा की वसाहतींमध्ये गोरे लोक जिथे रोगराईने मरत तिथे ते वसले नाहीत, नुसतं ओरबाडणारं सरकार बसवलं, आणि जिथे जगले तिथे चांगल्या संस्था उभ्या केल्या, म्हणून आज काही देश गरीब आणि काही श्रीमंत. कल्पना झकास. पुढे डेव्हिड अल्बुई नावाच्या अर्थशास्त्रज्ञाने त्यातले मृत्यूचे आकडे तपासले तर ६४ देशांपैकी फक्त २८ देशांचे आकडे त्या देशाच्या हद्दीतले निघाले, उरलेल्या ३६ ना दुसऱ्याच देशांचे आकडे लावलेले. मूळ लेखकांनी त्याला उत्तर दिलं, वाद बराच चालला, आणि त्यांची बाजूही अगदीच कच्ची नाही. पण मी जेव्हा ते वाचलं तेव्हा मला पहिल्यांदा काय आठवलं असेल सांगा. वरचा आकडा खाली ओढला.

उलट २०२३ च्या क्लॉडिया गोल्डिन. त्याही अर्थशास्त्रज्ञच, पण अमेरिकेतल्या जुन्या जनगणनेत बायकांच्या धंद्याच्या रकान्यात नुसतं ‘बायको’ लिहिलेलं दिसलं तर त्या तिथे थांबल्या, की ही शेतात राबत असेल, घरच्या धंद्यात हात लावत असेल, ते कुठे गेलं? दुसरी कागदपत्रं काढून त्यांनी आकडे पुन्हा मांडले आणि विवाहित बायकांच्या कामाचं प्रमाण आधी जास्त, मग कारखान्यांच्या काळात घटलेलं, मग विसाव्या शतकात पुन्हा चढलेलं असं निघालं. जनगणनेवर विसंबलं असतं तर नुसता चढ दिसला असता. त्या इतिहासकार की अर्थशास्त्रज्ञ हा प्रश्न मला तरी पडत नाही.

शब्दांचंही असंच आहे, आणि ही माझी लाडकी तक्रार आहे. आपण मराठीत फ्यूडलिझमला सरंजामशाही म्हणतो. सरंजाम म्हणजे मराठेशाहीत फौज बाळगण्याच्या खर्चासाठी सरदाराला लावून दिलेलं मुलुखाचं उत्पन्न. युरोपातला तो प्रकार वेगळा, तिथे धन्याला शपथ वाहून जमीन मिळायची, त्या जमिनीवरची कुळं बांधलेली असायची, न्यायनिवाडाही जमीनदाराच्या हातात. दोन्हीत साम्य आहे, नाही असं नाही, पण आपण एकाचं नाव उचलून दुसऱ्याला चिकटवलं आणि मग तोच शब्द उलटा फिरवून गुप्तकाळानंतरच्या भारतालाही लावला. रा. श. शर्मांनी १९६५ मध्ये भारतीय सरंजामशाही मांडली, १९८१ मध्ये हरबंस मुखियांनी मुळात विचारलं की अशी काही होती का हो इथे? आणि आता हा शब्द टीव्हीवरच्या चर्चेत पुढारी एकमेकांना शिवी म्हणून वापरतात. समाजशास्त्राने शब्द द्यावेत, आम्ही ते वापरावेत, इथवर ठीक. पण शब्द कुठून निघाला, वाटेत काय काय उचलून आला, याची झडती घ्यायची जबाबदारी आमची.

राज्यशास्त्राबद्दल फार लिहीत नाही, एवढंच सांगते. थेडा स्कॉचपोल यांनी १९७९ मध्ये फ्रान्स, रशिया आणि चीन या तीन क्रांत्यांची तुलना करून मांडलं की क्रांत्या कुणी ठरवून करत नाही, राज्ययंत्रणा आतून खिळखिळी झाली की त्या होतात. त्याच वर्षी इराणात क्रांती झाली, आणि ती तर लोकांनी जमवून, ठरवून, रस्त्यावर उतरून केलेली. बाईंनी १९८२ मध्ये स्वतःच लेख लिहून हे कबूल केलं आणि आपल्या मांडणीत दुरुस्ती केली. मला त्या मांडणीपेक्षा तो कबुलीचा लेख जास्त आवडतो.

तर पालकांना उत्तर: इतिहासासोबत स्टॅटिस्टिक्स घ्यायला सांगा, मुलगा कुरकुरला तरी. आणि इकॉनॉमिक्स करणाऱ्या पोरांना माझं सांगणं की वर्षातून एकदा तरी मूळ कागद हातात घ्या, स्कॅन नको, कागदच, उजेडात धरून.

माझ्या त्या प्रोजेक्टचं काय झालं ते राहिलंच. ती दोन पानं मी काढून टाकली, मार्क बरे मिळाले. सपाट पट्टा मात्र डोक्यातून गेला नाही. सातेक वर्षांनी वेगळ्याच कामासाठी त्याच दफ्तराची पत्रव्यवहाराची बंडलं चाळत होते तर त्यात एक पत्र सापडलं, वरच्या साहेबाचं, खालच्या ऑफिसला. भावांचे तक्ते चार महिने आलेले नाहीत, हे चालणार नाही, आठ दिवसांत पाठवा. तारीख जुळते. म्हणजे साहेबाने दम दिला आणि याने एका बैठकीत चार महिने भरून टाकले, इथपर्यंत लागलं. पण तो चार महिने होता कुठे? आजारी होता, रजेवर होता, की त्याला दुसऱ्याच कामाला जुंपलं होतं? साहेबाच्या पत्रावर बाजूला कुणीतरी ‘उत्तर पाठविले’ असं खरडलंय. ते उत्तर त्या बंडलात नाही. पुढच्या वर्षाचं बंडल बाइंडिंगला गेलंय, परत आलं की बघते.